नावाची पत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात नंदगड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी विद्वान नव्हे आणि वक्ता तर मुळीच नव्हे. एका सहकारी बँकेच्या खतावण्यांत पस्तीस वर्षे मान घालून बसलेला मी एक साधा माणूस. अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा ही रीत आहे आणि ते काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे. मला मात्र विश्वस्तांनी एक हिशेबाचा विषय नेमून दिला आहे. तो ऐकावयास थोडा रूक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो आज ना उद्या यावयाचा आहे, म्हणून धीर धरून ऐकावे अशी विनंती आहे.

झाले ते असे. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचे दोन प्रतिनिधी आपल्या अध्यक्षांस भेटावयास आले. कंपनीचा धंदा सुट्टीतील मुक्कामाचे सभासदत्व विकण्याचा. माणसे बोलण्यात आर्जवी, कपडे टापटीप. महोत्सव निधीस चांगली घसघशीत देणगी देण्याची त्यांनी तयारी दाखविली. त्या रकमेत आपल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्याचे छप्पर पुरे झाले असते. बदल्यात त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: सभासदांची नावे, पत्ते व फोन नंबर यांची यादी, स्मरणिकेत संस्थेच्या नावाने शिफारशीचे चार शब्द, आणि महोत्सवाच्या मंडपात एक टेबल. विश्वस्तांनी दोन बैठका घेऊन विचार केला आणि नकार कळविला. छप्पर अर्धेच राहिले. काही तरुण सभासदांस याचे वाईट वाटले. “यादी दिली म्हणजे आपले काय जाते?” असा त्यांचा सवाल आहे. सवाल प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. तेच काम माझ्याकडे आले आहे.

प्रथम हा धंदा काय आहे ते पाहू. त्यास टाइमशेअर म्हणतात. थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकाठी एक विश्रामगृह बांधावयाचे आणि त्यातील खोली एकाच माणसास न विकता, वर्षाचे आठवडे पाडून अनेकांस विकावयाची. दुरुस्तीचे एक-दोन आठवडे सोडले तर एका खोलीस पन्नास गिऱ्हाइके मिळतात. कल्पना मुळीच वाईट नाही. परगावी घर बांधून अकरा महिने त्यास कुलूप लावण्यापेक्षा आठवड्यापुरता खर्च वाटून घेणे शहाणपणाचेच. युरोपात ही कल्पना १९६० नंतर रुजली. स्वित्झर्लंडात १९६३ साली निघालेली हापिमाग ही या क्षेत्रातील जुनी संस्था. अमेरिकेत १९७४ साली आर. सी. आय. ही संस्था निघाली आणि तिने आठवड्यांची अदलाबदल सुरू केली. आपला आठवडा द्यावा, त्या बदल्यात दुसऱ्या गावचा, दुसऱ्या देशाचा घ्यावा. आपल्या देशात स्टर्लिंग हॉलिडेज १९८६ साली आणि महिंद्र हॉलिडेज १९९६ साली सुरू झाली. आज महाबळेश्वर, मडिकेरी, गोव्यातील वार्का अशा ठिकाणी क्लब महिंद्रची विश्रामगृहे आहेत आणि तिच्या सभासद कुटुंबांची संख्या तीन लाखांच्या घरात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या धंद्यात विकला जाणारा माल दिसत नाही. गिऱ्हाईक आज पैसे मोजतो आणि त्याच्या हाती येते ते पुढील दहा, वीस, पंचवीस वर्षांचे वचन. निपाणीच्या पेठेत तंबाखूचे पाहा. एकाच शेतातील तंबाखूच्या विड्या दोन कारखान्यांत वळल्या, तरी बंडलावर लेबल कोणाचे यावरून गिऱ्हाईक हात पुढे करतो. तथापि विडी ओढणाऱ्यास दोन झुरक्यांत खरेखोटे कळते. पंचवीस वर्षांच्या सुट्टीचा झुरका आधी घेऊन पाहता येत नाही. म्हणून तेथे गिऱ्हाईक केवळ नाव पाहतो आणि म्हणूनच या धंद्यात इमारतीपेक्षा नावास अधिक मोल आले.

अमेरिकेत प्रारंभी या धंद्याचा लौकिक बरा नव्हता. गळी पडून विकणारे दलाल, अर्धवट बांधलेल्या इमारती, अशी त्याची ख्याती होती. १९८४ साली मॅरियट या मोठ्या हॉटेल कंपनीने एक लहान टाइमशेअर कंपनी विकत घेऊन या धंद्यात पाऊल टाकले. मागोमाग १९९१ साली डिस्ने आणि १९९२ साली हिल्टन आले. नावे घरोघरी ठाऊक असल्यामुळे लोकांचा भरवसा बसला. पुढे या हॉटेल कंपन्यांनी काय केले? मॅरियटने २०११ साली आणि हिल्टनने २०१७ साली आपला टाइमशेअरचा धंदा वेगळा काढून त्याच्या स्वतंत्र कंपन्या केल्या. दारावरची पाटी मात्र तीच राहिली, कारण नाव वापरण्याचा करार झाला. मॅरियटचे नाव लावणारी ती वेगळी कंपनी त्या नावासाठी दरसाल पाच कोटी डॉलर आणि शिवाय विक्रीवर दोन टक्के देईल, असे त्या वेळी ठरले. घराचे भाडे आपण ऐकले आहे. हे नावाचे भाडे होय.

नाव भाड्याने मिळते, तसे ते विकतही मिळते. २०२१ सालच्या जानेवारीत विंडहॅम डेस्टिनेशन्स या अमेरिकन टाइमशेअर कंपनीने ‘ट्रॅव्हल अँड लेझर’ या प्रवासविषयक मासिकाचे नाव दहा कोटी डॉलरला घेतले आणि स्वतःचेच नाव बदलून ते लावले. मासिक पूर्वीचीच मंडळी काढीत राहिली. विकले गेले ते नाव, आणि त्या नावावर वाचकांनी अनेक वर्षे ठेवलेला विश्वास.

याच्या जोडीला एक कंपनी दुसरीस गिळते असाही प्रकार सुरू झाला. २०१८ साली मॅरियट व्हेकेशन्सने आय. एल. जी. ही कंपनी सुमारे ४७० कोटी डॉलरला घेतली, तेव्हा वेस्टिन, शेरेटन आणि हयात या नावांचा टाइमशेअर धंदा तिच्याच छपराखाली आला. हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सने २०२१ साली डायमंड रिसॉर्ट्स आणि २०२४ च्या प्रारंभी ब्लूग्रीन व्हेकेशन्स घेतली. एवढे पैसे कशासाठी मोजतात, असे आपणास वाटेल. हिशेबनीसाच्या दृष्टीने पाहिले तर तीन गोष्टींसाठी. एक, बांधलेल्या खोल्या आयत्या मिळतात. दोन, जुने सभासद दरसाल देखभालीची वर्गणी भरतात, ती आवक चालू राहते. आणि तीन, सभासदांची यादी मिळते. नवे गिऱ्हाईक शोधून आणण्यास या धंद्यात फार खर्च येतो: जाहिरात, दलाली, फुकट जेवणे, भेटवस्तू. ज्याने एकदा विश्वास टाकून पैसे भरले आहेत, त्यास आणखी चार पैसे भरावयास लावणे पुष्कळ सोपे. यादीचे मोल ते एवढ्यासाठी.

आता आपल्या देशाकडे वळू. महिंद्र हे नाव १९४५ सालापासूनचे. आपल्या खानापूर तालुक्यात ज्या नावाचा ट्रॅक्टर शेतात चालतो, तेच नाव सुट्टीच्या सभासदत्वास लागले आणि शेतकऱ्याच्या पोरासही ते ओळखीचे वाटले. या कंपनीने २०१४ साली फिनलंडमधील हॉलिडे क्लब रिसॉर्ट्स या कंपनीत हिस्सा घेतला आणि २०१५ साली तो वाढवून ती ताब्यात आणली. मात्र फिनलंडमध्ये महिंद्रची पाटी लावली नाही. तेथील लोकांस परिचित असलेले जुनेच नाव राहू दिले. नावाचे मोल जाणणारा असेच करील.

स्टर्लिंगची हकीकत निराळी. ती मधल्या काळात अडचणीत आली आणि २०१४ साली थॉमस कुक इंडियाने ती घ्यावयाचे ठरविले. नव्या धन्याने पैसा घातला आणि विश्रामगृहे सुधारली. कंपनी विकली गेली म्हणजे सभासदाचे वाईटच होते असे नाही, हे येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण थॉमस कुक या नावाचीच गोष्ट ऐका. इंग्लंडात १८४१ साली सुरू झालेली ही पेढी २०१९ च्या सप्टेंबरात बुडाली आणि सहलीस गेलेले हजारो प्रवासी परदेशांत अडकले. आपल्याकडील थॉमस कुक इंडियाचे त्यामुळे काहीच बिघडले नाही, कारण ती २०१२ सालापासून कॅनडातील फेअरफॅक्सच्या मालकीची, सर्वस्वी वेगळी कंपनी होती. दोघांत समान होते ते फक्त नाव. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चीनच्या फोसुन कंपनीने ते जगप्रसिद्ध नाव एक कोटी दहा लाख पौंडांस घेतले, आणि भारत, श्रीलंका व मॉरिशसपुरता नावाचा हक्क आपल्याकडील कंपनीने सुमारे चौदा कोटी रुपयांस घेतला. देह पडला, नाव तेवढे बाजारात उभे राहून विकले गेले.

यावरून मला जे सांगावयाचे आहे ते हे की, पाटीवरचे नाव आणि वचन पाळण्याची जबाबदारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकाच घरात नांदतात तोवर ठीक. पण त्यांची केव्हाही फारकत होऊ शकते आणि त्या वेळी सभासदास कोणी विचारावयास येत नाही.

आणि जेथे नावामागे जबाबदारीच उभी नसते, तेथे काय होते? मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्स या कंपनीचे उदाहरण महाराष्ट्रात पुष्कळांस आठवत असेल. नाव ऐकून आयकराच्या पॅन कार्डाची आठवण व्हावी; पण त्याचा या कंपनीशी संबंध नव्हता. हॉटेलातील मुक्कामाच्या रात्री आगाऊ विकावयाच्या. आणि सभासदाने त्या वापरल्या नाहीत, तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत करावयाची, अशी तिची योजना. म्हणजे बाहेरून सुट्टी, आतून ठेव. ओळखीपाळखीचे एजंट गावोगाव फिरले. सेबीने हा सामूहिक गुंतवणुकीचा, परवाना न घेतलेला व्यवहार ठरवून २०१४ साली त्यास बंदी केली, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ५१ लाखांहून अधिक लोकांचे ७,००० कोटी रुपयांहून अधिक पैसे परत करण्याचा आदेश दिला. आदेश निघाला तरी पैसे हाती येणे सोपे नव्हते; मालमत्तांच्या जप्त्या, लिलाव, नादारीचे अर्ज असे ते प्रकरण वर्षानुवर्षे चालले. ज्या एजंटाने पैसे घेतले तो बहुधा कोणाचा तरी मेहुणा, मास्तर किंवा शेजारी होता. लोकांनी कंपनीवर नव्हे, त्या ओळखीवर विश्वास टाकला होता. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे; मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

दुसऱ्यास शहाणपण सांगण्यापूर्वी स्वतःची कबुली द्यावी हे बरे. पुष्कळ वर्षांपूर्वी बेळगावच्या एका हॉटेलात आम्हा उभयतांस भेटवस्तूसाठी निवड झाली म्हणून बोलावणे आले. कंपनीचे नाव सांगत नाही. चहा झाला, चित्रफीत झाली, तीन तास झाले. “ही सवलत आजच्यापुरतीच,” असे तो मुलगा म्हणाला आणि मी सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासणारा मी, माझा स्वतःचा कागद न वाचता सही करून उठलो! तीन वर्षांनी पत्र आले की, विश्रामगृह आता अमुक कंपनीकडे गेले असून वर्गणी वाढली आहे. मी तक्रारीचे पत्र लिहावयास बसलो तेव्हा घरातून एवढेच विचारणे झाले, “तुम्ही सही कोणाच्या नावाखाली केली होती?” मी कागद काढला. पाटीवर एक नाव होते आणि कागदाच्या तळाशी भलतेच.

त्यानंतर मी हिशेब मांडला, तो आपल्यासाठी सांगतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, आपण चार लाख रुपये एकदम भरले. पंचवीस वर्षे, दरसाल सात रात्री. विक्रेता सांगतो की, एकशे पंचाहत्तर रात्रींना चार लाख, म्हणजे रात्रीस सुमारे २,२८६ रुपये. स्वस्त वाटते. परंतु तेच चार लाख सात टक्के व्याजाने ठेवले असते, तर पंचवीस वर्षे दरसाल सुमारे ३४,३०० रुपये आपल्या हाती येत राहिले असते. त्यात देखभालीची वर्गणी समजा २०,००० मिळवा. वर्षाचे झाले सुमारे ५४,३००. सातांनी भागले की एका रात्रीस ७,७०० रुपयांच्या वर. वर्गणी वाढली की हा आकडाही वाढणार. आणि लग्नकार्य, आजारपण, मुलांच्या परीक्षा यांत एकाआड एक वर्षाच्या रात्री वाया गेल्या, तर तो दुप्पट होतो. जे कुटुंब दरवर्षी न चुकता, ऐन मोसमात, चांगल्या ठिकाणी जाते त्यास हा व्यवहार परवडूही शकेल. आपण त्यांतले आहोत का, हे ज्याने त्याने आपल्या मागील पाच वर्षांकडे पाहून ठरवावे.

ज्यांस सभासदत्व घ्यावयाचे आहे त्यांस माझ्या चार सूचना. पहिली: पाटीवरचे नाव आणि करारावर सही करणाऱ्या कंपनीचे नाव एकच आहे का ते पाहावे. दुसरी: कंपनी किंवा विश्रामगृह विकले गेल्यास आपल्या अटींचे काय होणार, वर्गणी कोण आणि किती वाढविणार, हे लेखी घ्यावे. तिसरी: बाहेर पडावयाचे झाल्यास किती रक्कम परत मिळेल तेही लेखीच घ्यावे; आणि सुट्टीऐवजी वाढीव पैसे परत देण्याचे वचन कोणी दिले, तर सेबीची नोंदणी दाखवा म्हणावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: त्या दिवशी सही करू नये. युरोपच्या २००८ सालच्या नियमाप्रमाणे गिऱ्हाइकास कारण न देता करार मोडण्यास चौदा दिवस मिळतात आणि तोवर त्याच्याकडून आगाऊ पैसा घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. फसगत झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. म्हणून ते चौदा दिवस आपले आपणच घ्यावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यादी दिली म्हणजे आपले काय जाते? बंधुभगिनींनो, शेकडो कोटी डॉलर मोजून मोठ्या कंपन्या जे विकत घेतात, तेच त्या दोन गृहस्थांनी आपल्याकडे मागितले होते. यादी, आणि यादीवर ज्याचा विश्वास बसेल असे एक नाव. उद्या फोन आला असता, “आपल्या संस्थेमार्फत बोलतो आहे,” आणि आपल्या एखाद्या सभासद भगिनीने, जिचा मुलगा पुण्यास किंवा गोव्यास नोकरीला आहे, त्या एका वाक्यावर साठवलेले पैसे काढून दिले असते. तिने कंपनीचे नाव पाहिलेच नसते. तिने पाहिले असते आपले नाव. व्यवहार चांगला निघाला असता तर श्रेय कंपनीचे; वाईट निघाला असता तर ती कोणाच्या दारी आली असती? नाव आपले आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असा तो करार होता.

आपले नंदगड ही जुनी पेठ. गोव्याकडचा माल घाट चढून येथे येई आणि घाटावरचा माल खाली जाई. त्या काळी हुंडी वटत असे ती कागदाच्या शोभेवर नव्हे. सही करणारा उद्याही दुकानात बसलेला सापडेल, या खात्रीवर. आपल्या संस्थेची पत अशीच जमली आहे. पन्नास वर्षे कोणी वर्गणीची पावती फाडली, कोणी विद्यार्थ्यांस वह्या वाटल्या, कोणी हिशेब दर साली सभेपुढे ठेवला. सभासदांनी आपला पत्ता दिला तो मदतीच्या वेळी हाक यावी म्हणून. ती ठेव आहे. विश्वस्त ठेवीचा राखणदार असतो, मालक नव्हे. आणि जी वस्तू आपली नाही ती देणगीच्या मोबदल्यातही देता येत नाही. ज्या गावी १८३१ साली संगोळ्ळी रायण्णांस फाशी दिले गेले आणि ज्यांचे नाव आजही येथे आदराने घेतले जाते, त्या गावास नाव कशाने मिळते हे मी सांगावे असे नाही.

छपराचे दुःख मलाही आहे. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची पुस्तके खाली आणून ताडपत्रीने झाकावी लागली, ती मीही वाहिली आहेत. म्हणून शेवटी एक विनंती. निधीची वही आज मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. ज्यास जे शक्य असेल ते त्याने लिहावे. दहा रुपये असले तरी चालतील. छप्पर एक वर्ष उशिरा होईल. परंतु त्याखाली बसून वाचणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांस कोणाचा फोन आला आणि त्याने आपल्या संस्थेचे नाव सांगितले, तर ते नाव खरे असेल.